बाणांची पेठ

आधी आवाज काढून टाका. तुम्ही चामराजपेटेत आलूर वेंकटराव रस्त्यावर उभे आहात. टिळकांचं ‘गीतारहस्य’ कन्नडात नेणाऱ्या आलूरांचं नाव या रस्त्याला आहे. त्याआधी तो आल्बर्ट व्हिक्टर रोड होता. बसचे हॉर्न, रिक्षा, के. आर. मार्केटकडे निघालेल्या शेवंतीच्या टोपल्या, सगळं थांबवा. उड्डाणपूल उतरवा, जमिनीखालची मेट्रो बुजवा. १९०५ साली मार्केटापाशी लागलेले विजेचे दिवे मालवा. व्हिक्टोरिया हॉस्पिटल बाजूला करा. १८९२ मध्ये आखलेल्या चामराजपेटेच्या सरळ, समांतर गल्ल्या पुसा.

दोन गोष्टी जागच्या हलत नाहीत. एक वेंकटरमणाचं देऊळ, १६८९ सालचं. आणि त्याला लागून सागवानी खांबांचा एक वाडा. हैदरअलीने १७८१ मध्ये तो बांधायला घेतला आणि १७९१ मध्ये तो टिपूच्या हातून पुरा होणार आहे. तुम्ही १७८८ मध्ये आला आहात, त्यामुळे सुतारांचं काम अजून चालू आहे आणि अंगणात सागाचा भुसा पडलेला आहे. भोवती दगडी कोट आहे. दीडशे वर्षांपूर्वी हेच गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पेठेत अजून मराठी कानावर पडलं तर दचकू नका.

कोटाच्या दिल्ली दरवाजातून उत्तरेला बाहेर पडा आणि पेठेत शिरा. आज जुम्मा मशीद रस्त्याच्या आसपास तारामंडलपेट नावाची वस्ती सापडते, तिकडे. आधी कोळशाचा वास येतो, मग गंधकाचा, मग घणांचा ठोका ऐकू येतो. तुम्ही बाणांच्या कारखान्यात पोचला आहात. बाण म्हणजे धनुष्याचा नव्हे. दारूचा, आग ओकत जाणारा, पेशव्यांच्या कागदांत आणि बखरींत भेटतो तो.

एक म्हातारा कारागीर तुमच्या हातात नळी ठेवतो. मऊ लोखंडाचा पत्रा ठोकून, वळवून केलेली, वीतभर लांब, दोन-तीन बोटं जाड. एक तोंड बंद, दुसऱ्या तोंडाला बारीक भोक. तुम्हाला ती फार साधी वाटेल. पण त्या वेळच्या युरोपात जे बाण उडतात ते कागदाच्या पुठ्ठ्याचे आहेत, शोभेच्या दारूकामापुरते. आत दारू पेटली की वायूचा दाब वाढतो; पुठ्ठा तो दाब सहन करत नाही, फाटतो. लोखंड सहन करतं. दाब जितका जास्त धरून ठेवता येईल तितक्या वेगाने वायू भोकातून मागे सुटतो आणि तितका बाण पुढे जातो. तुमच्या हातातली ही नळी हजार यार्डांच्या पुढे जाईल, मोठ्या जातीची तर त्याहूनही लांब. कागदाऐवजी लोखंड वापरण्याचा हा एक निर्णय जगाच्या अग्निबाणशास्त्रातली मोठी उडी आहे, आणि ती म्हैसूरच्या लोहारांनी घेतली आहे. मागडीच्या बाजूच्या भट्ट्यांतून येणारं लोखंड, ते ठोकणारे हात आणि दारू ठासणारे हात, इतक्या भांडवलावर.

“घाई करायची नाही,” म्हातारा सांगतो. तो सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण नळीत थोडं थोडं घालून ठासतोय, प्रत्येक वेळी सारख्या जोराने. “आत पोकळी राहिली तर बाण शत्रूकडे जात नाही, आपल्याच हातात फुटतो.”

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. दारू पृष्ठभागावरून जळते. आत भेग किंवा पोकळी असेल तर तिथे ज्वाला पोचताच जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब उसळतो आणि नळी फाटते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे श्रीहरिकोट्यात ते पुन्हा कामाला येणार आहे.

नळी दहा-बारा फुटी वेळूला चामड्याच्या वादीने आवळली जाते. वेळूच्या वजनामुळे बाण हवेत गटांगळ्या खात नाही. शेजारी बसलेला पोरगा तुम्हाला पोल्लिलूरची गोष्ट सांगू लागतो. १० सप्टेंबर १७८०, कर्नल बेलीची फौज कोंडीत सापडली, तिच्या दारूच्या गाड्या उडाल्या. आमच्या बाणाने उडाल्या असं पोरगा छातीठोकपणे सांगतो. श्रीरंगपट्टणच्या दर्यादौलत बागेतल्या भिंतीवर त्या लढाईचं चित्र रंगवलेलं आहे.

आता चार वर्षं पुढे या आणि बाजू बदला. फेब्रुवारी १७९२. गेल्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने बंगळूरची पेठ आणि कोट दोन्ही घेतले, मघाचा तो वाडाही त्यांच्या हातात गेला. तुम्ही श्रीरंगपट्टणच्या उत्तरेला हरिपंत फडक्यांच्या छावणीत आहात. टिपूविषयी तुमचं मत काहीही असो, आज हे बाण तुमच्याकडे तोंड करून आहेत; मराठे, निजाम आणि इंग्रज एका बाजूला आहेत.

अंधारात एक सरळ रेघ उठते, सुं करून मोठी होत जाते. दुसरा बाण वर जातच नाही. तो जमिनीवर आपटतो, उसळतो, सापासारखा वळवळत पुन्हा पुढे येतो.

“खाली बसा हो, बसा!” एक शिलेदार तुमचा दंड धरून ओढतो. “आणि माझ्या घोड्याचा लगाम तेवढा घट्ट धरा.”

“माणसं फार मरतात का याने?”

“माणूस एखादा मरतो. पण घोडी बिथरतात. दोन हजार घोडी एकदम बिथरली की कसली फौज अन् कसलं काय, दादा.”

त्या मोहिमेतला इंग्रज अधिकारी मेजर डिरॉम आपल्या वृत्तान्तात असंच लिहिणार आहे: पायदळाला हे बाण चुकवता येतात, पण दाटीवाटीने चालणाऱ्या देशी घोडदळाला ते फार छळतात. नेम चुकत होता, पल्ला होता. म्हैसूरच्या बाणाची खरी तब्येत ही होती, आणि ती तशीच सांगायला हवी. अभिमान हवा असेल तर तो लोखंडाच्या नळीचा बाळगावा, कल्पित विध्वंसाचा नको.

१७९९ मात्र वेगळं आहे. ५ एप्रिलच्या रात्री सुलतानपेटच्या बागेत आर्थर वेलस्ली नावाचा कर्नल अंधारात बाणांच्या आणि बंदुकांच्या माऱ्यापुढे मागे हटतो. पुढे हाच वॉटर्लू जिंकणार आहे. २ मे रोजी श्रीरंगपट्टणच्या आत बाणांच्या कोठारावर इंग्रजांचा गोळा पडतो आणि काळ्या धुराचा लोट उठतो. ४ मे रोजी किल्ला पडतो, टिपूही पडतो. विजेते कोठारं मोजायला बसतात: सहाशे सोडयंत्रं, सातशे चालू बाण आणि नऊ हजार रिकाम्या नळ्या.

त्या नऊ हजार रिकाम्या नळ्यांपाशी थोडं थांबा. दारू भरायची राहिलेल्या त्या नळ्यांत एक मोठा उद्योग दिसतो. लष्करी नियमांचं ‘फतह-उल-मुजाहिदीन’ हे पुस्तक होतं, त्यात प्रत्येक पलटणीला दोनशे बाणदार नेमून दिले होते. फौज होती, कारखाने होते, हुकूम होते. पण कोणत्या मिश्रणाने किती पल्ला मिळाला, किती नळ्या फुटल्या, का फुटल्या, म्हाताऱ्याच्या हाताला जे कळत होतं ते कागदावर कसं उतरलं, याची एकही वही आपल्यापर्यंत आलेली नाही. राज्य पडलं तशी विद्या लोहारांच्या हातांतच विझली. २०१८ मध्ये शिवमोग्याजवळच्या नगर इथे एक कोरडी विहीर उपसली तेव्हा गंजलेले हजारावर बाण बाहेर आले. विहिरीतला चिखलही दारूसारखा वास मारत होता. नळ्या मिळाल्या. एकाही कारागिराचं नाव मिळालं नाही.

तिकडे काही बाण जहाजातून लंडनजवळच्या वूलिचला गेले. तुम्हीही तिकडे चला, १८०४-०५ मध्ये. विल्यम काँग्रीव्ह नावाचा माणूस आधी लंडनच्या बाजारातले सगळ्यात मोठे बाण विकत घेऊन उडवतोय. ते पाचशे यार्डांच्या पलीकडे जात नाहीत. हिंदुस्थानातले त्याहून लांब जातात हे त्याला ठाऊक आहे. तो स्वतःच्या खिशातले काही शे पौंड खर्च करतो, मिश्रण बदलतो, आकार बदलतो, नळी लोखंडाची करतो, दीड हजार यार्ड गाठतो, मग सरकारी प्रयोगशाळा मागून घेतो आणि दोन हजारांवर जातो. १८०६ मध्ये त्याचे बाण बूलोन्यावर पडतात, १८०७ मध्ये कोपनहेगनवर, १८१४ मध्ये अमेरिकेत फोर्ट मॅकहेन्रीवर. त्याच्या टेबलावर तराजू आहे आणि तराजूशेजारी वही. तो आपल्या पद्धतीवर पुस्तकं छापतो. म्हैसूरकडून त्याने नेमकं किती घेतलं यावर वाद घालता येईल. बंगळूरच्याच रोद्दम नरसिंह या थोर वायुगतिशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये म्हैसूर आणि ब्रिटन यांच्या अग्निबाणांचा हा सगळा इतिहास बारकाईने मांडला आहे. मला त्यातून सर्वांत जास्त बोचते ती ती वही. आपली नळी त्यांच्या वहीत गेली.

पुढची दीडशे वर्षं झपाट्याने ओलांडा. तोफांना आटे पडले, नेम सुधारला, बाण मागे पडले. कोटाचा बराचसा भाग पाडला गेला. बाहेरच्या मोकळ्या रानात चामराजपेट उभी राहिली. शहराच्या उत्तरेला म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली, टाटांनी पैसा दिला, आणि १९११ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विद्यार्थी आले. बंगळूरला पुन्हा वह्या मिळाल्या, पण अग्निबाणाची वही अजून कोरी होती.

१९६३ मध्ये थांबा, अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, वॉलॉप्स बेटावरच्या नासाच्या तळावर. तुमच्यापुढे रामेश्वरमचा एक तरुण इंजिनिअर स्वागतकक्षातल्या भिंतीवरचं चित्र निरखतोय. पार्श्वभूमीला उडते बाण आणि ते सोडणारे सावळे सैनिक. तो जवळ जाऊन बघतो: ही टिपूची फौज. आपल्या देशात विसरलेली गोष्ट अमेरिकेच्या भिंतीवर मानाने टांगलेली पाहून ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना जे वाटलं ते त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्यांच्याबरोबर गेलेल्या पहिल्या तुकडीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे आहेत. आणि केरळच्या किनाऱ्यावर चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा शोधायच्या कामात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस विक्रम साराभाईंबरोबर आहेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथल्या थुंब्याहून पहिला अग्निबाण उडतो. तो अमेरिकन नायकी-अपाची आहे. चर्चचं कार्यालय झालंय, अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जातायत.

इथे शेजारी पाहा. पाकिस्तानने आपल्या आधी, ७ जून १९६२ ला, सोनमियानीहून रहबर-१ उडवला होता. सुरुवात कोणाची आधी झाली यावर काही ठरत नाही हे त्या दोन तारखांतून कळतं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कोणाच्या सरकारने प्रयोगशाळेला दर साली पैसे दिले, कोणी अपयश पचवलं, कोणी माणसं टिकवली, त्यावर ठरतं.

परत बंगळूर, पीण्या औद्योगिक वसाहत. सतीश धवन यांनी इस्रोची सूत्रं घेताना विज्ञान संस्थेचं संचालकपद सोडलं नाही आणि मुख्यालय इथे आणलं. पत्र्याच्या शेडमध्ये यू. आर. राव यांच्या हाताखालची मुलं सव्वीस पैलूंचा, ३६० किलोंचा एक गोळा जुळवतायत. ‘आर्यभट’. यांतल्या बहुतेकांनी याआधी उपग्रह पाहिलेलाही नाही. १९ एप्रिल १९७५ ला तो रशियन अग्निबाणावर बसून कापुस्तिन यारहून वर जातो. काही दिवसांतच आतल्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्यावरचे प्रयोग बंद पडतात. पण तो बनवला कसा, काय बिघडलं, हे सगळं लिहिलं गेलंय. दोन रुपयांच्या नोटेवर त्याचं चित्र आलं ते उगीच नव्हे.

उपग्रह आपला, गाडी दुसऱ्याची. ती गाडी करायची तर घन इंधन हवं, आणि इथे तुम्हाला वसंत गोवारीकर भेटतात. जन्म पुण्याचा, बर्मिंगहॅमला डॉक्टरेट, इंग्लंडातलं काम सोडून १९६७ मध्ये थुंब्याला आलेले. मोसमी पावसाच्या अंदाजासाठी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण त्यांचं पहिलं झुंजार काम अग्निबाणाच्या इंधनाचं आहे. हे इंधन द्रवासारखं साच्यात ओततात, ते रबरासारखं घट्ट होतं आणि पेटवलं की आतून बाहेर जळत जातं. ओतताना हवेचा बुडबुडा राहिला तर? मग क्ष-किरणांनी मोटर तपासायची. आत भेग दिसली तर ती उडवायची नाही. तारामंडलपेटेतला म्हातारा ठासताना ज्या पोकळीला भीत होता, तिलाच इथे पडद्यावर शोधतात.

१० ऑगस्ट १९७९, श्रीहरिकोटा. बावीस मीटर उंच, सतरा टनांचं एसएलव्ही-३ उठतं. पहिला टप्पा झकास. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणातलं आम्ल झडप अडकल्याने गळून गेलंय. पाच-सव्वापाच मिनिटांत सगळं बंगालच्या उपसागरात. प्रकल्पप्रमुख कलाम हादरलेले. धवन पत्रकारांपुढे स्वतः बसतात आणि अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतात. १८ जुलै १९८० ला त्याच जागेवरून ३५ किलोंची रोहिणी कक्षेत जाते, तेव्हा ते कलामांना पुढे करतात. ही गोष्ट भाषणांतून फार ऐकलेली आहे. तरी त्या अकरा महिन्यांकडे नीट बघा: एक झडप, तिच्यावरचा अहवाल, बदललेली तपासणी. मला भारताचा अवकाश कार्यक्रम त्या अकरा महिन्यांत दिसतो, उड्डाणाच्या काही मिनिटांत कमी.

आता अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. २२ मे १९८९ ला चांदीपूरहून ‘अग्नी’ उडतं, आणि त्याचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ च्याच पहिल्या टप्प्यावरून घडवलेला आहे. रोहिणी वर नेणारी नळी अण्वस्त्रही नेऊ शकते. श्रीमंत देशांना ही भीती आहे आणि ती खोटी नाही. १९८७ मध्ये सात देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर निर्बंधांची व्यवस्था केली. १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉसवर बंदी घातली आणि क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान आपल्याला मिळू दिलं नाही. उणे अडीचशे अंशांवरच्या हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनाने कोणी क्षेपणास्त्र उडवत नाही, ते तयार ठेवताच येत नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. ती बंदी अन्यायाची होती असं मी स्पष्ट म्हणेन. आणि अग्नीचं अस्तित्वही आपण उपग्रहांच्या पदराआड लपवू नये. शेतकऱ्याला पावसाची खबर देणारा उपग्रह आणि शहर जाळू शकणारं अस्त्र एकाच आगीवर वर जातात. ज्या देशाने ही आग शिकायचं ठरवलं त्याने दोन्हींचा हिशेब आपल्या लोकांपुढे ठेवला पाहिजे.

आग कोणाचीही कदर करत नाही, हेही पाहून घ्या. २२ ऑगस्ट २००३, ब्राझीलचा अल्कांतारा तळ. उड्डाणाला काही दिवस असताना जमिनीवरच एक घन मोटर अवेळी पेटते. एकवीस तंत्रज्ञ आणि अभियंते जागीच जातात. ब्राझीलच्या कार्यक्रमाची एक अख्खी पिढी त्या दिवशी गेली. अग्निबाणाची विद्या माणसांत असते आणि माणसं अशी एका दुपारी जाऊ शकतात. म्हणून ती लिहून, वाटून, शिकवून ठेवावी लागते. इराणने २००९ मध्ये स्वतःच्या अग्निबाणावर ‘ओमिद’ उपग्रह चढवला. दक्षिण कोरिया रशियाच्या मदतीने सुरुवात करून स्वतःच्या इंजिनापर्यंत आला. वाटा वेगळ्या, पण नळी, इंधन आणि नोंद या तिन्हींवाचून कोणालाही सुटका मिळालेली नाही. नाकारलेलं क्रायोजेनिक इंजिन आपण स्वतः घडवून ५ जानेवारी २०१४ ला जीएसएलव्हीवर यशस्वी उडवलं, त्याला बंदीपासून वीस वर्षांच्या वर लागली.

शेवटचा मुक्काम इंदापूर तालुक्यात. वालचंदनगर. साखर कारखान्यासाठी वसलेलं गाव, चहूकडे ऊस. कारखान्याच्या शेडमध्ये तुम्ही शिरता आणि समोर २.८ मीटर व्यासाची पोलादी नळी आडवी पडलेली आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या मोटरचा हा एक तुकडा. मॅरेजिंग पोलाद, आणि असे तुकडे जोडून त्यात १३८ टन घन इंधन भरलं जाणार. तुम्ही आत वाकून बघता. एक वेल्डर, बारामतीकडचा असावा, गॉगल कपाळावर सरकवून तुम्हाला म्हणतो, “साहेब, जोडाला हात लावू नका. अजून तपासणी व्हायचीय.”

“कसली?”

“दाबाची. पाणी भरून दाब देतात. इथं फुटली तर परवडतं.”

नळीवर क्रमांक कोरलेला आहे. त्या क्रमांकाची फाइल शेडच्या टोकाला टेबलावर आहे: पोलाद कुठल्या ओतणीचं, कुठला जोड कोणी कधी केला, कोणी तपासला, कुठे काय सापडलं, ते कसं दुरुस्त केलं. वेल्डरची सहीही तिच्यात आहे, मराठीत, तिरकी. ट्रेलर श्रीहरिकोट्याला निघतो तेव्हा नळीबरोबर फाइलही जाते.